नाक दाबले की तोंड उघडते?

दिवाळीच्या सुट्टीत कोकण करून आलेल्यांच्या घरी फराळाला गेले, की हल्ली चकलीच्या पाठोपाठ एक छायाचित्र पुढे येते. घरातले कोणीतरी, बहुधा कॉलेजात जाणारे चिरंजीव किंवा नवी सून, त्यात पाण्याखाली असते. डोळ्यांवर काच, तोंडात रबरी नळी, पाठीवर टाकी, भोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि छायाचित्र काढणाराच्या दिशेने उंचावलेला अंगठा. "आमचा बंड्या मालवणला स्कूबा डायव्हिंग करून आला बरं का!" असे बंड्याच्या मातोश्री सांगतात. शेजारची मंडळी "अगबाई!" म्हणतात, आणि पुढच्या सुट्टीत आपल्याही बंड्याला न्यायचे, हे तिथेच ठरते.

मला या कौतुकात सामील होता येत नाही. बंड्याला पाण्याखाली नेऊन आणलेले आहे, इतकेच. डोलीत बसून रायगडावर गेलेल्या गृहस्थाने आपण गड चढलो म्हणून सांगावे, त्यातलाच हा प्रकार. तो उंचावलेला अंगठा तर माझ्या म्हणण्याचा पुरावाच आहे. पाणबुड्यांच्या खुणांच्या भाषेत अंगठा वर करणे म्हणजे 'मी मजेत आहे' नव्हे. 'वर चला' असा त्याचा अर्थ होतो. मजेत असल्याची खूण निराळी: अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले कडे. म्हणजे बंड्या समुद्राखालून 'मला वर न्या' असे सांगतो आहे, आणि आपण ते छायाचित्र चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगतो आहोत! ज्याला एवढीशी खूण कोणी सांगितली नाही, त्याला आणखी काय काय सांगायचे राहून गेले असेल?

पुष्कळच राहून गेलेले असते. परंतु माझे भांडण त्यांतल्या एकाच धड्यापुरते आहे. तो धडा म्हणजे तोंडाने श्वास घेणे. ऐकायला हे इतके क्षुल्लक वाटते, की त्यावर दिवाळी अंकाची पाने कशाला खर्ची घालायची, असे कोणालाही वाटेल. श्वास काय, जन्मल्यापासून घेतोच आहोत! नेमक्या याच समजुतीवर हा सगळा बाजार उभा आहे, आणि म्हणूनच ती पाने मला हवी आहेत.

मी मालवणच्या किनाऱ्यावर एका होडीत बसून हा धडा 'दिला' जाताना पाहिला आहे. होडी हेलकावत होती, इंजिन धडधडत होते, नागपूरकडचे एक नवरा-बायको आणि त्यांची दोन मुले जॅकेटे चढवून अवघडून बसली होती. गाईडने काच नाकावर बसवली, नळी तोंडात दिली, आणि "नाकान नाय, तोंडान!" एवढे म्हणून पहिल्या मुलाला मागच्या मागे पाण्यात घेतले. शिक्षण संपले. मी घड्याळ पाहिले नाही. पण चहा पिऊन व्हायलाही याहून अधिक वेळ लागतो. मुलगा पाण्यात शिरताच हातपाय झाडू लागला, नळी थुंकून वर आला, खोकला, पुन्हा बुडवला गेला. तिसऱ्या खेपेला तो खाली गेला तो बऱ्याच वेळाने वर आला, आणि त्याचे छायाचित्र उत्तम निघाले.

आता या नळीचे गुपित थोडक्यात सांगतो, कारण तिच्याविषयी आपल्याकडे विलक्षण अज्ञान आहे. वर्तमानपत्रेसुद्धा 'पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर' असे बेधडक छापतात. त्या टाकीत प्राणवायू असतो तो तुमच्या-आमच्या दिवाणखान्यातल्या हवेत असतो तितकाच, शंभरात एकवीस भाग. साधी हवाच गाळून, कोरडी करून, सुमारे दोनशे पट दाबाने त्या टाकीत कोंबलेली असते. नुसता शुद्ध प्राणवायू भरून कोणी खोल गेला, तर सहा-सात मीटरच्या पुढे तोच विषासारखा बाधतो आणि माणसाला झटके येऊ शकतात. असो. या हवेचा दाब माणसाला सोसेल इतका कमी करून, पाहिजे तेव्हाच आणि पाहिजे तेवढीच ती तोंडात सोडणारी झडप झाक कूस्तो हा फ्रेंच आरमारी अधिकारी आणि एमिल गाग्नाँ हा इंजिनियर या दोघांनी १९४३ साली तयार केली. महायुद्धामुळे फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासे झाले होते. मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गाग्नाँने एक झडप केली होती, ती या कामी आली. पुढे कूस्तोने समुद्राखाली चित्रपट काढला आणि १९५६ साली त्याला कान महोत्सवातला सर्वोच्च मान मिळाला, तेव्हा जगाला या खेळाचे वेड लागले. त्याआधीच्या पाणबुड्याच्या डोक्यावर तांब्याचे भले मोठे शिरस्त्राण असे आणि वरून पंपाने हवा सोडत. त्यात त्याने नाकाने श्वास घेतला काय आणि तोंडाने घेतला काय, सारखेच. आजही चेहरा संपूर्ण झाकणारे मुखवटे व्यावसायिक पाणबुडे वापरतात. पण तुम्हा-आम्हाला मिळते ती कूस्तोच्या घराण्यातलीच नळी, आणि ती तोंडातच धरावी लागते.

मग नाक काचेच्या आत कशाला कोंडायचे? पोहण्याचा साधा चष्मा का चालत नाही? कारण खोल जावे तसा पाण्याचा दाब वाढतो आणि काच चेहऱ्यावर आवळली जाते. तो आवळ सैल करायला नाकातून थोडी हवा काचेच्या आत फुंकावी लागते. कानांचे दडे सोडवायलाही नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबावी लागते. म्हणजे पाण्याखाली नाक बेकार नसते. त्याचे फक्त खाते बदललेले असते. हवा आत घेण्याचे काम तोंडाकडे जाते आणि नाक उरते ते फुंकण्यापुरते. ही कामाची वाटणी कागदावर सोपी आहे. शरीराला ती मुळीच मान्य नसते.

मी पन्नाशी उलटल्यावर पुण्यातल्या एका पोहण्याच्या तलावात ही विद्या शिकलो. आमचा शिक्षक माझ्या मुलाच्या वयाचा होता. पहिला संबंध रविवार त्याने आम्हाला कमरेइतक्या पाण्याच्या पुढे जाऊ दिले नाही. तळाशी गुडघे टेकून बसायचे, डोके पाण्याखाली घ्यायचे आणि नळीतून श्वास घ्यायचा. बस. शेजारच्या उथळ भागात कमरेला तरंगफळ्या बांधलेली सहा-सहा वर्षांची पोरे आमच्याकडे बघून हसत होती.

पहिला श्वास येत नाही. हवा आहे हे माहीत असते, तोंडात नळी आहे हे कळत असते, आणि तरीही छाती जागच्या जागी थिजते. 'नाक दाबले की तोंड उघडते' ही म्हण आपण दुसऱ्याला वठणीवर आणण्यासाठी मोठ्या विश्वासाने वापरतो. ती जमिनीवर खरी असेल. पाण्याखाली नाक दाबले की तोंड उघडत नाही, उलट छातीची दारेसुद्धा लागतात. आणि ते स्वाभाविकच आहे. तान्हे मूल पहिले काही महिने जवळजवळ नाकानेच श्वास घेते. त्याला सर्दी झाली की दूध ओढता येत नाही, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. पुढे आपण तोंडाचीही वाट वापरू लागतो, पण सर्दीपडशातली अडचणीची वाट म्हणून. त्यात पाण्याशी आपली ओळख झालेली असते ती विहिरीत. पाठीला डबा बांधून, डोळे मिटून, नाक चिमटीत धरून मारलेली उडी! तेव्हापासून पाणी म्हणजे दम धरणे, असे शरीराने पक्के पाठ करून ठेवलेले. आपली भाषाही त्याला साथ देते. 'नाकातोंडात पाणी गेले' असे आपण एका दमात म्हणतो. नाक निराळे आणि तोंड निराळे, ही कल्पनाच आपल्याला नसते.

खरे म्हणजे निसर्गाने त्या दोहोंमध्ये दार बसवलेले आहे. टाळूचा मागचा मऊ भाग, जिथे पडजीभ लोंबते, तो वर उचलला की नाकाची वाट बंद होते. फुगा फुगवताना, शीळ घालताना तो आपोआप उचलला जातो. तोंडाने श्वास घ्यायला शिकायचे म्हणजे या दाराची कडी आपल्या हाती आणायची. आमच्या शिक्षकाची परीक्षा सरळ होती. त्याने एकेकाच्या चेहऱ्यावरची काच पाण्याखालीच काढून घेतली आणि बोटाने दाखवले: एक मिनिट. काचेवाचून, उघड्या नाकाने, नळीतून श्वास घेत एक मिनिट बसून राहायचे.

ते मिनिट मी विसरणार नाही. नाकपुड्यांना पाणी लागताच सारे शरीर 'बुडालो, बुडालो' म्हणून ओरडू लागते. डोळे चुरचुरतात, क्लोरीनची एक झिणझिणी थेट कपाळापर्यंत चढते. नाकात येऊ पाहणारे पाणी आणि तोंडात येणारी हवा यांच्यामध्ये बोटभर मासाचा पडदा, आणि तो सांभाळायचा आपण! तिसऱ्या-चौथ्या श्वासाला मात्र काहीतरी निवळते. नळीची घरघर आत, बुडबुड्यांची खळखळ बाहेर, अशी लय लागते आणि ध्यानात येते की नाकापाशी पाणी नुसते उभे आहे, आत येत नाही. मिनिट संपल्यावर मी आणखी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. त्या दिवसानंतर काचेत पाणी शिरले, काच पार निसटली, तरी माझे काही अडले नाही. ज्याने हे मिनिट काढलेले नाही त्याच्या काचेत वीस फूट खोलीवर पाणी शिरले तर तो काय करील, हे सांगायला नको. तो नाकाने श्वास घेईल, ठसकेल, नळी थुंकेल आणि वर धाव घेईल. आणि वर धाव घेण्यात खरा घात आहे.

इथे मला आपल्या एका लाडक्या अभिमानाला थोडा धक्का द्यावा लागणार आहे. मालवणच्या होडीत चढणारे निम्मे लोक "आम्हाला श्वासाचे काय शिकवता? आम्ही रोज प्राणायाम करतो!" असा चेहरा करून बसलेले असतात. योगाबद्दल माझ्या मनात आदर आहे. नाकाने घेतलेली हवा गाळली जाते, ऊबदार आणि ओलसर होते, म्हणून जमिनीवर नाकानेच श्वास घ्यावा, हे आजीचे म्हणणे शास्त्राला धरूनच आहे. पण पाण्याखाली हा अभिमान नुसता निरुपयोगी नव्हे, तर घातक आहे. कारण आपल्याकडे श्वासाची परमावधी मानली जाते ती कुंभकात, म्हणजे तो रोखून धरण्यात. आणि टाकीतली हवा घेणाऱ्याला जी एकच गोष्ट सक्त मना आहे, ती श्वास रोखणे!

याचे कारण रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली सांगून ठेवले आहे आणि शाळेत आपण ते घोकलेलेही आहे: दाब कमी झाला की वायू पसरतो. समुद्रात दहा मीटर खाली दाब दुप्पट असतो, सहा मीटरवर दीडपटीहून थोडा अधिक. सहा मीटरवर, म्हणजे वीस फुटांवर, बंड्याने नळीतून छातीभर पाच लिटर हवा घेतली आणि घाबरून, श्वास दाबून तो वर सुटला, तर पृष्ठभागाशी येईतो त्या हवेला आठ लिटरांची जागा लागेल. बंड्याच्या छातीत ती कुठून येणार? फुप्फुसाच्या नाजूक भिंती फाटतात. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. यासाठी वीस फूटही लागत नाहीत. छातीभर हवा घेऊन चार-पाच फुटांवरून वर येतानासुद्धा ही इजा होऊ शकते. तुतिकोरिनचे शंख काढणारे बुडे दम धरून खोल जात आणि सुखरूप येत, त्याचे कारण ते हवा घेत ती काठावरची. ती खाली जाताना आकसते आणि वर येताना होती तेवढीच होते. टाकीची हवा खालच्या दाबाने भरलेली असते. म्हणून पाणबुड्याला शिकवतात, की श्वास चालू ठेव, आत किंवा बाहेर, पण चालू ठेव. नळी तोंडातून सुटलीच तर ती शोधून परत बसवेपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहा. 'दम धर' हा आपल्या घराघरांत दिला जाणारा सल्ला तिथे उपयोगाचा नाही.

आमच्या तुकडीत योगवर्ग चालवणाऱ्या एक बाई होत्या. वीस वर्षांची साधना. त्यांना श्वास आत घेतला की क्षणभर थांबायची इतकी सवय, की पाण्याखाली त्यांच्या बुडबुड्यांत दर वेळी खंड पडे. शिक्षकाने त्यांना वर बोलावून सांगितले, "काकू, तुमचा श्वास फार छान आहे, पण तो मधे थांबतो. थांबू नका." बाई जरा दुखावल्या. संबंध दुपार त्यांनी ती सवय मोडण्यात घालवली, आणि मग त्यांचा दीर्घ, सावकाश रेचक असा काही कामी आला, की आम्हा सर्वांत त्यांची टाकी सर्वांत जास्त वेळ पुरली. ते बरोबरच होते. श्वासाची ओढ लागते ती मुख्यतः प्राणवायू संपत आला म्हणून नव्हे, तर कर्बद्विप्राणिल वायू साठला म्हणून. घाबरलेला माणूस भराभर उथळ श्वास घेतो, आतली हवा पुरती बाहेर पडतच नाही, ओढ वाढते, माणूस आणखी घाबरतो. सावकाश बाहेर सोडणे हाच त्यावर उपाय. गंमत म्हणजे, ज्या हठयोगप्रदीपिकेत कुंभकाचे प्रकार सांगितले आहेत, त्यातच शीतली आणि सीत्कारी हेही आहेत. त्यांत हवा तोंडाने आत घ्यायची आणि नाकाने सोडायची. काचेत शिरलेले पाणी काढण्याची रीत नेमकी हीच: तोंडाने घ्या, वर पाहा, नाकाने फुंका. मधला कुंभक तेवढा गाळायचा! तेव्हा योग्यांनो, तुमची विद्या वाया गेलेली नाही. ती पाण्यात नेण्यापूर्वी थोडी उसवून पुन्हा शिवावी लागेल, इतकेच.

आता कोणी म्हणेल, की बंड्याला एकट्याला सोडतात थोडेच? गाईड त्याची टाकी धरून असतो, त्याचे जॅकेट तोच फुगवतो, तोच खाली नेतो, तोच वर आणतो. मग शिकायचे कशाला? हा युक्तिवाद मी अनेक सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकला आहे. गाईड पुष्कळ गोष्टी तुमच्याकरिता करू शकतो हे खरे. पण तुमच्या छातीत हवा अडली आहे की वाहते आहे, यावर त्याचा हात चालत नाही. तो तुम्हाला सावकाश वर आणील, पण वर येताना ओठ घट्ट मिटून बसलात तर तो काय करणार? आणि पाण्याखाली शिकवणी घेता येत नाही. तिथे बोलताच येत नाही!

त्या गाईड मुलांविषयी मात्र माझी तक्रार नाही. यांतली कित्येक मुले मासेमारी करणाऱ्या घरांतली आहेत. समुद्र त्यांना आपल्यापेक्षा शंभरपट कळतो आणि त्यांच्यातले पुष्कळजण रीतसर प्रमाणपत्र घेतलेले आहेत. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा शिकवणारी संस्था उभारली, ती काही शोभेसाठी नव्हे. शिकवायचे कसे हे किनाऱ्यावर माहीत आहे. शिकवू दिले जात नाही. आणि ते कोण देत नाही म्हणाल, तर आपण.

होडीपाशी काय चालते ते पाहा. पावसाळ्यात धंदा बंद, हंगाम मोजका, त्यात दिवाळीची गर्दी. आपण सहा माणसे घेऊन जातो आणि पहिला प्रश्न करतो, "डोक्यामागे किती?" तो सांगतो. आपण म्हणतो, "शेजारचा याहून कमी घेतो." तो उतरतो. आपण आणखी ताणतो. घासाघीस करून घेतलेल्या वस्तूचाच आपल्याला आनंद. दर निम्म्यावर आला की आपण जिंकल्याच्या थाटात होडीत चढतो. आता त्या बिचाऱ्याने ते निम्मे कुठून काढायचे? डिझेल तेवढेच लागते, टाकी तेवढीच भरावी लागते, छायाचित्र तर आपण सोडणारच नाही. कापण्यासारखी एकच गोष्ट उरते: वेळ. अर्ध्या तासाची शिकवणी दोन मिनिटांवर येते आणि एका होडीच्या जागी तीन फेऱ्या होतात. भाजीवालीकडे घासाघीस केली तर फार तर कोथिंबिरीची जुडी बारीक मिळते. इथे जे बारीक होते, ते आपल्या पोराच्या जिवाशी निगडित आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. शेजारचा कमी घेतो, तो कशातून कमी करतो, हे विचारायची आपल्याला सवय नाही.

तीच गत प्रकृतीच्या कागदाची. कुठलाही जबाबदार शिक्षक आधी एक प्रश्नपत्रिका पुढे करतो. दमा आहे का, हृदयाचा विकार आहे का, फेपरे येते का, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे का, दिवस गेलेले आहेत का? आपण त्या कागदावर न वाचता 'नाही, नाही, नाही' अशी रांग लावतो. कारण पोरे मुंबईहून येऊन बसली आहेत, आता नाही कसे म्हणायचे? सर्दी झालेल्या मुलाला "तिकडे मोकळी होईल" म्हणून पाण्यात ढकलणारे पिताजी मी पाहिले आहेत. सर्दीने कानाची वाट बंद असते, दाब सुटत नाही, पडदा फाटू शकतो. वयाचेही तसेच. 'पॅडी' या जगभर पसरलेल्या शिक्षणसंस्थेच्या नियमाप्रमाणे दहा वर्षांखालच्या मुलाला टाकी लावून समुद्रात नेत नाहीत. आपल्याकडे आठ वर्षांच्या मुलीचे वय आई हसत हसत दहा सांगते. रेल्वेच्या अर्ध्या तिकिटासाठी वय कमी करणारे आपण, समुद्रासाठी ते वाढवतो!

जाता जाता एक आठवण करून देतो. मालवणच्या समुद्राचा काही भाग सरकारने १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीर केला. म्हणजे त्या पाण्यात माशाला कायद्याचे संरक्षण आहे. शेजारून पावाचा चुरा घेऊन जाणाऱ्या बंड्याला काय आहे? एक नळी, आणि ती कशी वापरायची याविषयी एक अर्धे वाक्य.

"अहो, भीती कशाला घालता? हजारो लोक जाऊन येतात," असे म्हणणारे भेटतातच. येतात, आणि आनंदाने येतात, मीही जातो. पाण्याखाली जाणे ही मला या वयात मिळालेली सर्वांत सुंदर गोष्ट आहे आणि ती प्रत्येकाला मिळावी असे मला वाटते. पण त्या हजारांतल्या कितीजणांना तिथे काही दिसले? मी परत आलेल्या कित्येकांना विचारले आहे, "काय पाहिलेत?" उत्तर बहुधा एकच: "मासे होते. पण माझे सगळे लक्ष श्वासाकडे होते." ज्याला श्वास आलेला नाही, तो खाली जाऊन स्वतःची भीती पाहून येतो आणि त्याचे पैसे मोजतो. ज्याला श्वास आला, त्याला खडकाच्या फटीतून डोकावणारा खेकडा दिसतो, वाळूच्या रंगाचा होऊन पडलेला मासा दिसतो, बुडबुड्यांच्या मधल्या शांततेत माशांनी खडक कुरतडल्याचा बारीक आवाजही ऐकू येतो.

तेव्हा या सुट्टीत मालवणला जाणार असाल, तर घासाघीस जरूर करा, पण दराची नको, वेळेची करा. "तुमचा दर मान्य; पण आधी अर्धा तास शिकवा, आणि एका गाईडबरोबर एकच माणूस," असे म्हणा. गाईड चकित होईल. आजवर त्याच्याकडे कोणी जास्त वेळ मागितलेला नाही. समुद्र शांत असेल त्या सकाळी त्याच्यासोबत कमरेइतक्या पाण्यात उतरा, खोल पाण्याची घाई करू नका. तिथे बंड्याला गुडघ्यावर बसू दे. त्याला नळीतून वीस श्वास घेऊ देत, न थांबता. मग काचेत थोडे पाणी घेऊन ते नाकाने फुंकू दे. मग नळी काढून, बारीक बुडबुडे सोडत ती परत बसवू दे. शेवटी गाईड त्याची काच काढून घेईल आणि बंड्या उघड्या नाकाने एक मिनिट बसेल. आईने काठावर उभे राहून घड्याळ धरावे. मिनिट पुरे झाले, तर त्याला होडीत चढवा. अर्ध्यावरच तो ठसकून उभा राहिला, तर त्या दिवशी होडीत कोणी चढवू नये. दुपारी सोलकढी-भात खाऊन झोप काढावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच पाण्यात गुडघ्यावर बसावे.